जरा सावकाश

त्या दिवशी माझ्या खुर्चीवर काच ठेवलेली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कोपऱ्यांना पुठ्ठा लावलेली, खिडकीच्या मापाची. टेबलावर बूट काढून एक माणूस उभा होता आणि जुनी तडकलेली काच चौकटीतून हलक्या हाताने सुटी करत होता. मी पिशवी छातीशी धरून दारातच थांबलो. माझी खुर्ची म्हणजे तशी माझी नव्हे. विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहातल्या या खोलीत टेप ऐकण्याची चार यंत्रं आहेत आणि कोणीही कुठेही बसावं असा इथला नियम आहे. पण परक्या देशात आल्यावर पहिल्या दिवशी ज्या खुर्चीवर बसलो ती खिडकीजवळची खुर्ची मी पुढे सोडली नाही, आणि हा म्हातारा तिथे बसतो हे कळल्यावर बाकीच्यांनीही तिच्यावर हक्क सांगितला नाही. "आज भिंतीकडे बसा," चावीवाल्या बाई म्हणाल्या. या खोलीची व्यवस्था त्यांच्याकडे असते. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्यांचं नाव पहिल्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं नाही आणि नंतर विचारायची लाज वाटली. "काच काही तुमच्यासाठी उठायची नाही." मी हसलो. म्हणजे हसण्यासाठी चेहऱ्याचं जे करायचं असतं ते केलं. बायको गेल्यापासून मी असाच हसतो आणि कोणाला फरक कळलेला नाही.

भिंतीकडच्या खुर्चीची पाठ जरा ताठ होती. बाईंनी नेहमीचं रीळ यंत्रावर चढवून दिलं. हे काम त्याच करतात. मला सुरू आणि बंद अशी दोन बटणं माहीत आहेत आणि तेवढ्यावर माझं भागतं. दुसऱ्या दिवशी माझं भाषण होतं, त्यात वाजवायचं गाणं पुन्हा एकदा ऐकून घ्यावं एवढाच विचार होता. त्या गाणाऱ्या बाईचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणत असे. साठीच्या आसपासची असावी, असं मी निबंधात लिहिलंही होतं. जड, खालचा, ओढत आणलेला आवाज. एकेक शब्द विहिरीतून वर काढल्यासारखा. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी ती थांबते आणि तिला हुंदका येतो. मागे कुठेतरी गिरणीच्या यंत्रासारखी घरघर. ते ऐकताना माझ्या छातीत काहीतरी हलायचं. दुसऱ्या कशानेही हलत नसे. म्हणून भाषणासाठी ऐकून घ्यावं हे निमित्तच होतं. मी रोज कुठलं ना कुठलं निमित्त काढून मावशीकडे जात होतो.

मी बटण दाबलं. आधी ज्याने हे सगळं टेप केलं त्या संग्राहकाचा आवाज आला. तो प्रत्येक गाण्याआधी ठिकाण आणि क्रमांक सांगतो. तो आज घाईत असल्यासारखा बोलला. आणि मग कानात एक तरुण मुलगी गायला लागली.

मी टेप थांबवली. बाईंनी चुकून दुसरं रीळ दिलं असावं म्हणून डबा उलटासुलटा करून पाहिला. क्रमांक तोच होता. पुन्हा लावली. शब्दही तेच होते, मला पाठ असलेले. आपला माणूस सोडून गेला, तो गेला ते गेला, पण जाताना खोलीतला विजेचा बल्ब काढून घेऊन गेला; आता अंधारात मी शिव्या तरी कोणाच्या तोंडाकडे बघून देऊ. या बल्बवर मी तीन पानं लिहिली होती. शहरात आलेल्या माणसाचा उजेड हिरावला जाणं, गिरणीच्या वस्तीतला काळोख, वगैरे. आता ती मुलगी टाळीच्या ठेक्यावर, मान उडवत असावी अशा आवाजात, त्या माणसाची बल्बसकट खिल्ली उडवत होती. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी ती थांबली, आणि तिला हसू फुटलं. हुंदका नव्हताच. तिचं तिलाच आवरेना. मागची गिरणी म्हणजे खोलीतली माणसं होती; कोणीतरी पुरुष काहीतरी चावट बोलला आणि सगळे खिदळले.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. कान गरम झाले होते, एवढंच जाणवत होतं.

कोणतं खरं, हे ठरवायला फार वेळ लागला नाही, लागायला हवा होता असं वाटतं. तो संग्राहक याच लोकांकडे दोनदा गेला होता. एकदा ते खेड्यांत राहत असताना आणि पुढे काही वर्षांनी, ते सगळे उठून गिरण्यांच्या शहरात आल्यावर. खेड्यांतल्या टेपच्या प्रती मी मायदेशी असताना मागवून घेतल्या होत्या आणि अनेक वर्षं संगणकावर ऐकल्या होत्या. शहरातल्या टेपच्या प्रती झालेल्या नव्हत्या; त्या ऐकायला इथेच यावं लागत होतं. इथे येऊन ऐकल्या आणि मला माझा शोध लागला. शहरात आल्यावर या लोकांचं गाणं संथ झालं होतं आणि आवाज खाली उतरला होता. ठोके मोजून पाहिले. प्रत्येक गाणं संथ झालेलं, आणि सगळी अगदी सारख्याच प्रमाणात. हे प्रमाण इतकं सारखं कसं, असा प्रश्न पडायला हवा होता. मला तोच पुरावा वाटला. समाज बदलतो तो असा कानाने ऐकू येतो, असं मी लिहिलं. इतकंच नाही, तर संग्राहकाच्या स्वतःच्या आवाजातसुद्धा शहरात आल्यावर थकवा आणि उदासी उतरलेली दिसते, अशी एक तळटीप दिली होती. ती लिहून झाल्यावर मी उठून खोलीत एक फेरी मारली होती, इतका मी स्वतःवर खूश झालो होतो. आज भिंतीकडच्या यंत्रावर तो संग्राहक खेड्यातल्यासारखाच बोलत होता. तोच तरतरीत माणूस, तोच चटपटीतपणा. तो थकलाबिकला नव्हता. उदास तर मुळीच नव्हता.

मी मान वळवून खिडकीकडच्या यंत्राकडे पाहिलं. काचवाल्या माणसाचा मोज्यातला पाय त्याच्या शेजारी टेकलेला होता. चारही यंत्रांच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल बटण आहे, त्यावर पांढरी रेघ. भिंतीकडच्या यंत्रावर ती रेघ सरळ वर होती. उरलेल्या दोन्हींवरही वर होती. माझ्या यंत्रावर ती डावीकडे कललेली होती आणि बटण हलू नये म्हणून त्यावर तपकिरी चिकटपट्टी लावलेली होती. माझ्याआधी तिथे कोणीतरी दुसऱ्याच गाण्यांची स्वरलिपी उतरवून घ्यायला बसत असे, असं ऐकलं होतं. त्याने स्वर टिपायला सोपे जावेत म्हणून वेग कमी करून ठेवला असणार आणि काम संपल्यावर निघून गेला असणार. ती चिकटपट्टी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. चिकटपट्टी आहे म्हणजे हात लावायचा नाही, असं समजून चाललो होतो. तिच्या कडेला धूळ बसली होती तीसुद्धा पुसली नव्हती.

बायको असती तर तिने ती पट्टी पहिल्याच दिवशी नखाने खरवडून काढली असती. "बघू तरी काय आहे," असं म्हणत. आमच्या घरातली सगळी यंत्रं तिच्याकडे होती. रेडिओ, टेपरेकॉर्डर, पुढे टीव्हीचा रिमोट, कपड्यांचं यंत्र. ती टेलिफोन खात्यात ट्रंककॉलच्या बोर्डावर होती आणि तारा, खटके, खुंट्या यांच्याशी तिचं माहेर असल्यासारखं नातं होतं. मी पुस्तकं वाचायचो. एखादं बटण दाबायची वेळ आली की हाक मारायचो. "अहो, ते चावत नाही," ती म्हणायची. तिचं बोलणं सगळं असंच, झटक्यात यायचं आणि जायचं. मी मान वर करेपर्यंत तीन वाक्यं होऊन गेलेली असायची. मी ब्लूजवर, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या या गाण्यांवर, पहिला निबंध लिहिला तेव्हा एका पाहुण्याने विचारलं होतं, तुमचा आणि या गाण्यांचा काय संबंध? मला उत्तर देता आलं नव्हतं, अजून येत नाही. तिने चहाचे कप गोळा करता करता परस्पर देऊन टाकलं: "दुसऱ्याचं दुःख असलं की यांना बरं समजतं. घरातलं समजायला वेळ लागतो." सगळे हसले, ती आत गेली, आणि मी बराच वेळ त्या वाक्यातला कोणता शब्द मला लागला ते शोधत राहिलो.

दुपारी यजमान प्राध्यापकांबरोबर जेवण होतं. त्यांनीच मला इथे बोलावून घेतलं. माझ्याहून वयाने बरेच लहान, उंच, खांदे नेहमी पुढे झुकलेले. विद्यापीठाच्या खानावळीत सूप घेऊन आम्ही समोरासमोर बसलो. "उद्या सभागृह भरणार बरं का," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, यायला उशीर करा, झोपा काढा, पण तो शेवटचा हुंदका चुकवू नका." मी सूप ढवळलं. "चेहरा का उतरलाय? भाषणाची भीती?" "सवय नाही राहिली." "काय सांगताय! जन्मभर वर्गात बोललात ना?" "तिथे कोणी ऐकत नव्हतं." ते इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुस्तकाचं जवळजवळ ठरलंय. उद्या प्रकाशनाचे लोकही येतील. तुम्ही फक्त नेहमीसारखे बोला." माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. या वयात ते व्हावं असं मला वाटत होतं का? वाटत असावं, कारण त्यांनी ते म्हटल्यावर माझा चमचा थांबला. आता सांगायला हवं, असं मनात आलं. वाक्य तयार होतं. घशापर्यंत आलं आणि सुपाबरोबर परत खाली गेलं. यजमान एकदा माझ्याबरोबर खिडकीकडच्या यंत्रावर येऊन बसले होते. एक हेडफोन त्यांच्या कानाला, एक माझ्या. हुंदक्यापाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले होते आणि मी, ज्याचे डोळे कोरडे होते, त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या टेप आमच्या दोघांखेरीज कोणी ऐकल्याच नव्हत्या. संध्याकाळपर्यंत नवी काच बसेल, खुर्ची मोकळी होईल, चिकटपट्टी जिथल्या तिथे राहील. उद्या मी माझ्या यंत्रावरून नक्कल करून घेऊन ती सभागृहात वाजवीन. कोणाचं काय बिघडणार होतं? सूप गार झालं होतं. तेही मी सगळं प्यालो.

मला काही होत नव्हतं, आणि मला त्याचंच नवल वाटत होतं. एखादा शोध बुडाला की माणसाचे हातपाय गळतात, पोटात गोळा येतो. मी खोलीवर चालत गेलो, वाटेत पाव घेतला, जिना चढलो, किल्ली लावली. खोलीत पलंग, टेबल, भिंतीला लागून उष्णतेची लोखंडी पेटी. तिला पाठ लावून बसलो तर पाठ भाजत होती आणि पुढून थंडी वाजत होती. हात अवघडून झोपला की तो आपला वाटत नाही, उचलून दुसऱ्या जागी ठेवावा लागतो. मी सगळाच्या सगळा तसा झालो होतो. बायको गेली त्या दिवशीही असंच झालं होतं. लोक येत होते, जात होते, मी सर्वांना बसा म्हणत होतो. कोणीतरी म्हणालं, खंबीर आहेत. मुलगी एकदा माझ्याकडे रोखून बघत राहिली होती, काहीतरी शोधल्यासारखी, आणि मग मान फिरवून कामाला लागली होती.

तिचा फोन संध्याकाळी आला. ती दातांची डॉक्टर आहे; दोन रुग्णांच्या मधे मला फोन करते. मागे कसलं तरी पाणी वाहत असतं. "बाबा, जेवलात? काय जेवलात? पाव नका हं सांगू. उद्या भाषण ना, कोट इस्त्री केला का, तो तपकिरी नको, त्याची बाही विटलीये, आणि चष्मा पुसून जा, आणि ऐकताय ना, हूं तरी म्हणा—"

"अगं, जरा सावकाश बोल," मी म्हणालो.

पलीकडे फक्त पाण्याचा आवाज राहिला. मग ती म्हणाली, "आईलापण हेच म्हणायचात." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. नुसतं आठवलं म्हणून म्हणाली. "चला, माझा पेशंट तोंड उघडून बसलाय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी पेटीला पाठ लावून बसून राहिलो. खरंच म्हणायचो. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून म्हणत आलो होतो. ती हसून दुर्लक्ष करायची, किंवा उलट आणखी भरभर बोलून दाखवायची. आमची मुलगी शाळेत असताना तिची हुबेहूब नक्कल करायची. कमरेला ओढणी बांधून, कानाला चमचा लावून, श्वास न घेता: अहो छत्री घेतली का, नाही घेतली, मला माहीतच होतं, किल्ली कुठाय, हातात काय आहे मग तुमच्या. आणि मी जेवताना कशावर तरी लांबलचक समजावून सांगायला लागलो की मायलेकींपैकी कोणीतरी, दर तीन मिनिटांनी फोनवर मधे येणाऱ्या ट्रंककॉलच्या बोर्डावरच्या त्या सरकारी आवाजात, मधेच म्हणायची, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" त्यावर मी रागवायचो. रागवणं हा त्या खेळाचाच भाग होता. निदान मी तसं समजत होतो.

पुढे बायकोला पक्षाघाताचा झटका आला. तिचं बोलणं गेलं आणि परत आलं ते निराळं होऊन आलं. बोलणं शिकवायला एक बाई घरी येत, त्या गेल्यावर मी सराव घ्यायचो. ती एक शब्द उच्चारायची, मग दुसरा तिच्या ओठांवर येईपर्यंत खिडकीतला उजेड सरकलेला असायचा. आवाजही खाली उतरला होता, जड झाला होता. पा… णी. खि… ड… की. मी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायचो आणि थांबायचो. जन्मभरात पहिल्यांदाच तिचा शब्दन् शब्द मला कळत होता. मला पुस्तकं वाचावीशी वाटत नव्हती. तिच्या दोन शब्दांमधल्या त्या जागेत मी आरामात बसलेला असायचो. त्या शेवटच्या दोन वर्षांत मी सुखात होतो की काय, अशी मला शंका येते. शंकाच आहे, मी कशाबद्दलच खात्रीने बोलू शकणारा माणूस नाही. पण एवढं खरं, की ज्या बाईने सावकाश बोलावं असं मी इतकी वर्षं म्हणत होतो, ती सावकाश बोलत होती आणि मी ऐकत होतो.

मावशी कोण होती, कोणाच्या आवाजासाठी मी रोज तिच्याकडे जात होतो, ते मला त्या संध्याकाळी कळलं. खरं म्हणजे ते आधीपासून माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीसमोर आता बसायला लागलं, इतकंच.

मग मी तिचा आधीचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले. छत्री घेतली का. शब्द आले, पण ते शब्द छ… त्री… असे आले, पलंगावरून आले. पुन्हा केला. किल्ली कुठाय. तेही तसंच. तिची उभी राहण्याची तऱ्हा आठवत होती, पदर खोचलेला दिसत होता, कपांचा आवाज ऐकू येत होता, आणि तोंड उघडलं की शेवटच्या दोन वर्षांचा आवाज बाहेर पडत होता. पस्तीस-छत्तीस वर्षं जी माझ्या आसपास भिरभिरत बोलत होती ती मुळी माझ्याजवळ नव्हतीच. जशी मला सोईची होती तशीच ठेवून मी तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. पाठ भाजत होती तरी मी उठलो नाही.

सकाळी मी ध्वनिसंग्रहात सर्वांच्या आधी पोचलो. बाईंनी दार उघडलं. "आली बरं का तुमची खुर्ची माघारी," त्या म्हणाल्या. नवी काच इतकी स्वच्छ होती की तिथे काही नाहीच असं वाटत होतं. चौकटीला ताज्या रंगाचा वास होता. मी बसलो. बाईंनी रीळ चढवलं आणि त्या त्यांच्या टेबलाकडे गेल्या. मी चिकटपट्टीच्या कोपऱ्याला नख लावलं. ती जुनी होती, तुकड्यातुकड्यांनी निघाली. चोरी करत असल्यासारखी माझी मान खाली होती. एकदा बाईंनी वर पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामात डोकं घातलं. कोणी ओरडलं नाही. बटणावर डिंकाचा चिकटपणा राहिला होता, बोट त्याला धरून बसत होतं. रेघ वर आणली तेव्हा आत काहीतरी टक् झालं. गाणं लावलं. ती हसली तिथे मागे नेणारं बटण शोधून टेप मागे घेतली, पुन्हा तिला हसू दिलं. ती मला हसत होती असं मुळीच वाटलं नाही. तिला माझी काय पडली होती? तिचा बल्ब गेला होता.

दुपारी सभागृह खरोखर भरलं. यजमानांनी माझी ओळख करून दिली. त्यात मी कोणी दुसराच, बराच धीट माणूस होतो. मी तपकिरी कोट घातला नव्हता. आधी खेड्यांतलं एक गाणं वाजवलं, मग प्रास्ताविक न करता मावशीचं लावलं, सकाळी बाईंकडून करून घेतलेली योग्य वेगातली नक्कल. मावशी कसली, माझ्या मुलीहून लहान पोर. दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतल्या एकाचा बूट हलायला लागला. बल्बपाशी मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं आणि गांभीर्य मोडलं म्हणून लगेच गप्प झालं. यजमान माझ्याकडे बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या आणि ते अजून कसली तरी वाट बघत होते. हसू येऊन गेलं, टेप संपली, आणि मी कागद न बघता म्हणालो, "हे गाणं मी इथे आल्यापासून चुकीच्या वेगात ऐकत होतो. यंत्राचा वेग कमी करून ठेवलेला होता आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. शहरात येऊन यांचं गाणं संथ झालं, असं मी म्हणणार होतो. ते झालं नव्हतं. माझ्या निबंधाचं खेड्यांवरचं पहिलं प्रकरण शाबूत आहे. बाकीची नाहीत." समोरच्या चेहऱ्यांवर काय होतं ते मी पाहिलं नाही, पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिलो. शेवटी मागून एका बाईने विचारलं, "मग हे लोक शहरात आल्यावर काय बदललं?" मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. आता नव्याने ऐकावं लागेल. पण जगणं इतकं अवघड होऊनही त्यांना एकमेकांच्या खोलीत बसून हसता येत होतं, हे मला ऐकू आलं नव्हतं."

लोक पांगल्यावर यजमान माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. खांदे नेहमीपेक्षा जास्त झुकलेले. मग म्हणाले, "काल जेवताना सांगायचं होतंत."

"धीर झाला नाही."

"मग आज कसा झाला?"

"आजही झाला नाही. पण चिकटपट्टी निघाली होती."

त्यांना ते कळलं नसावं. प्रकाशनाचे लोक न भेटताच गेले होते, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फाटकाशी थांबून ते बुटाने एक खडा ढकलत राहिले. "तुमच्या त्या खुर्चीत बसून मी रडलो होतो," ते म्हणाले. जरा रागाने म्हणाले. "ते काय होतं मग? यंत्राची चूक?"

"नाही," मी म्हणालो. "ते तुमचं काहीतरी असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझा दंड धरून हलकेच दाबला आणि ते वळून इमारतीकडे गेले. दंडावरचा तो दाब मला बऱ्याच उशिराने, रस्ता ओलांडून गेल्यावर जाणवला.

खोलीवर येऊन मी कोट न काढता पलंगाच्या कडेवर बसलो आणि मुलीला फोन लावला. मी आपणहून तिला कधी फोन करत नाही. तिने पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं? बाबा? बरं वाटत नाहीये का? पडलात का कुठे?"

"नाही. बरा आहे."

"भाषण?"

"झालं. बुडालं म्हण. नंतर सांगतो." हातातला फोन जड वाटत होता, मी तो दुसऱ्या कानाला लावला. "मला आईची नक्कल करून दाखव."

पाण्याचा आवाज बंद झाला. तिने नळ बंद केला असावा. दार लोटल्याचं ऐकू आलं. "आत्ता?" ती म्हणाली. "दवाखान्यात आहे मी."

"आत्ता."

"बाबा, मला नाही येणार. खूप वर्षं झाली." तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. "अहो… छत्री… घेतली… का…" ती थांबली. "नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "हे नंतरचं झालं. माझ्यापण तोंडात तेच बसलंय. थांबा. थांबा हं." नाक ओढल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. तिने काहीतरी उचलून कानाला लावलं असेल का, तिच्या हत्यारांपैकी एखादं, असं उगाच माझ्या मनात आलं. आणि मग ते एकदम आलं, अहो छत्री घेतली का नाही घेतली मला माहीतच होतं ढग बघा जरा वर मान करून पुस्तकात नाही ते लिहिलेलं, किल्ली कुठाय हातात काय आहे मग तुमच्या, आणि येताना, ऐकताय ना, नाही ऐकत, भिंतीशी बोलले असते तर तिने तरी हूं केलं असतं— एकात एक शब्द अडकत, घसरत, पुढचा मागच्याला ढकलत. निम्मं मला कळलंच नाही. मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला होता आणि सावकाश बोल असं म्हटलं नाही. हाताला मुंग्या येत होत्या. त्या कोपरापर्यंत चढल्या, मग खांद्यापर्यंत, आणि दुखायला लागलं.

ती दमली. श्वास घ्यायला थांबली. मग त्या सरकारी, सपाट, नाकातल्या आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

"वाढव," मी म्हणालो.